कॉम्बो येतात, मॅच जाते : स्ट्रीट फायटर ६ मध्ये सिल्व्हरला अडकलेल्यांसाठी धागा

परभणीकर_केन
राम राम मंडळी. स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा गेम, क्लासिक कंट्रोल (चाली हातानं काढायच्या), कॅरेक्टर केन. सिल्व्हर रँकच्या वर काही सरकंना गेलंय. ट्रेनिंग मोडमध्ये कॉम्बो (सलग जोडलेले फटके) बसतात, ट्रायल्सही (गेमनं दिलेले सरावाचे कॉम्बो) होतात, पण रँक्डला (रँकच्या ऑनलाइन मॅच) गेलं की सगळं इस्कटतं. समोरचा नुसत्या उड्या मारतो अन् त्या उड्यांवरच राउंड नेतो. कोपऱ्यात सापडलो की थ्रोवर थ्रो, नुसता पकडून आपटतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट (फटके सोसत येणारा जोराचा मार) येताना दिसतो, पण हात हालत नाही. फायरबॉल टाकायला जावं तर शोर्युकेन (उडी घेत वर मारायचा ठोसा) निघतो. साधा कीबोर्ड, नेट वायफायवर. वय पस्तीस, त्यामुळं दोस्त म्हणायलेत की रिफ्लेक्स गेले, आता सोड. कॅरेक्टर बदलू का? सोपं कोणतं?

उगाच_खवचट
कॅरेक्टर बदललं की उड्या मारणारेबी बदलतेत व्हय?

नांदेडचा_रीप्लेवाला
केन सोडू नका भाऊ. सांगितलेल्या चार तक्रारींपैकी एकही केनमुळं नाही. नवं कॅरेक्टर घेतलं की महिनाभर हात बसवण्यात जातो आणि त्या उड्या पुन्हा तिथंच उभ्या असतात.

आधी हे करा. हरलेल्या शेवटच्या पाच मॅचचे रीप्ले काढा. जिंकलेले नकोत. रीप्ले चालू असताना फ्रेम मीटर (चालीचे टप्पे दाखवणारी पट्टी) आणि की-हिस्टरी (दाबलेल्या कळांची यादी) दोन्ही चालू ठेवा. आपली लाइफ जिथं जिथं उतरते तिथं थांबवून वहीत एकच अक्षर लिहा. उडीतून मार बसला तर ‘उ’, थ्रो बसला तर ‘थ’, ड्राइव्ह इम्पॅक्टला ‘इ’. आपली चाल ब्लॉक झाली आणि तिचीच शिक्षा मिळाली तर ‘श’. ब्लॉक करत होतो, मध्येच बटन दाबलं आणि त्यात सापडलो तर ‘द’. खालून-वरून ब्लॉक चुकला तर ‘ब’. कॉम्बो कितीही लांब असला तरी अक्षर एकच, कारण आपल्याला तो कॉम्बो सुरू कशानं झाला तेवढंच पाहिजे.

पाच मॅचची अक्षरं मोजा. लातूरच्या क्लासमध्ये टेस्ट झाली की चुकलेल्या प्रश्नांची वही करायला लावतात, तसंच आहे हे. जे अक्षर सगळ्यात जास्त, तेवढंच धरायचं. बाकीच्या गोष्टींनी हरलात तर खुशाल हरा. सिल्व्हर-गोल्डात बहुतेकांचं ‘उ’ नाहीतर ‘द’ वर येतं. वही करून इथं टाका, मग बोलू.

परभणीकर_केन
केली दादा. उ १४, द ११, थ ६, श ५, इ ३, ब २. इम्पॅक्टचं लई वाटत होतं, निघालं फक्त तीन.

नांदेडचा_रीप्लेवाला
इम्पॅक्टचा आवाज मोठा असतो, म्हणून लक्षात राहतो. आता फक्त ‘उ’.

हिशोब बघा. गेम सेकंदाला ६० फ्रेमनं चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद. पुढे मारलेली साधी उडी जमिनीवरून जमिनीवर सुमारे ४५ फ्रेमची, म्हणजे पाऊण सेकंद. माणसाला दिसून हात हलायला १२ ते १५ फ्रेम लागतात. स्क्रीन आणि कीबोर्डचा उशीर आणखी चार-पाच धरा. एकूण वीस. तरी पंचवीस फ्रेम हातात राहतात आणि केनचा क्राउच हेवी पंच (बसून मारलेला जोराचा ठोसा) त्यात आरामात बसतो. तेव्हा उडी चुकते ती बहुतेक वेळा उडीच्या क्षणी आपणच एखादी लांब किक मारून तिच्या रिकव्हरीत (पाय परत येईपर्यंतच्या वेळात) अडकलेलो असतो म्हणून. रीप्लेच्या फ्रेम मीटरवर बघा, समोरचा हवेत जाताना तुमची पट्टी निळी असेल. हिरवी म्हणजे चाल सुरू होतेय, लाल म्हणजे लागू शकते, निळी म्हणजे परत येतेय. निळ्या पट्टीत बटन कितीही ठोका, काही निघत नाही.

सरावाची रचना अशी. ट्रेनिंग मोडमध्ये डमीच्या (समोरच्या सरावाच्या पुतळ्याच्या) रेकॉर्डिंगला ८ स्लॉट आहेत. त्यातले चार भरा :

स्लॉट १ – पुढे उडी आणि हेवी किक.
स्लॉट २ – दोन पावलं पुढे येऊन क्राउच मिडियम किक.
स्लॉट ३ – फायरबॉल.
स्लॉट ४ – नुसतं पुढे-मागे चालणं, काहीच न मारता.

चारही चालू करून रँडम प्लेबॅक लावा. एकटी उडी रेकॉर्ड करून शंभर वेळा पाडणारे पुष्कळ आहेत. त्यांना मॅचमध्ये जमत नाही, कारण उडी येणार हे त्यांना आधीच माहीत असतं, त्यात ओळखायचं काही उरतच नाही. स्लॉट ४ सगळ्यात महत्त्वाचा. डमी काहीच करत नसताना तुमच्याकडून क्राउच हेवी पंच निघाला तर तो अंदाज होता, प्रतिक्रिया नव्हती. तो चूक म्हणून मोजा.

अंतर असं ठेवा की डमीनं उडी मारली की पाय बरोबर तुमच्या डोक्यावर यावा. नजर स्वतःच्या केनवर नको, समोरच्याच्या डोक्याच्या जरा वर. २० उड्यांपैकी १५ पडल्या आणि रिकाम्या जागी दोनपेक्षा जास्त बटनं निघाली नाहीत, की त्या दिवसाचं झालं. पंधरा मिनिटांच्या वर करू नका, नंतर डोळा झोपतो.

मग रँक्ड. तिथं त्या दिवशी जिंकणं-हरणं बघायचं नाही, किती उड्या पाडल्या तेवढंच.

वैजू_अंबाजोगाई
रीप्लेवाला दादांनी क्रॉसअपचं सोडलं. एकदम जवळून मारलेली उडी डोक्यावरून मागं जाते आणि क्राउच हेवी पंच हवेत जातो. तिथं पाडायच्या नादी न लागता मिडियम पंच आणि मिडियम किक एकत्र धरून पॅरी करायची, म्हणजे मार झेलायचा. ड्राइव्ह पॅरीला पुढची-मागची, वरची-खालची बाजू बघावी लागत नाही, सगळं घेते. फक्त ती सवय होऊ द्यायची नाही. पॅरी धरलेल्या माणसाला थ्रो बसला तर तो पनिश काउंटर मोजला जातो, मारही जास्त आणि ड्राइव्ह गेजही (खास चालींसाठीची शक्ती) जातं.

फायरबॉलचा शोर्युकेन होतो त्याचं कारण सरळ आहे. चालत पुढे येत असता, म्हणजे ६ दाबलेलंच असतं. (नंबर कीपॅडसारखे वाचा : ६ पुढे, २ खाली, ३ तिरपं, ५ म्हणजे काहीच नाही.) त्यावर फायरबॉलसाठी २३६ केलं की गेमला ६-२-३-६ दिसतं, त्यातलं ६-२-३ म्हणजे शोर्युकेन आणि त्याचा मान मोठा. उपाय एकच, चालणं थांबवून बोट पूर्ण उचला, क्षणभर ५ होऊ द्या, मग २३६. की-हिस्टरीमध्ये ते ५ वेगळं दिसतंय का ते तपासा. नाही दिसलं तर बोट उचललंच गेलं नाही.

परभणीकर_केन
ताई, हेच व्हायलं होतं. हिस्टरीत ५ कुठंच नाही.
आता ‘द’ चं सांगा. ब्लॉक करत बसलो तर तो मारतच राहतो. मग बटन दाबू नको तर काय करू?

नांदेडचा_रीप्लेवाला
इथं फ्रेमचं गणित लागतं, पण पहिलीच्या वजाबाकीपलीकडं नाही.

चाल ब्लॉक झाली की दोघांपैकी एक जण आधी मोकळा होतो. तुम्ही ३ फ्रेम उशिरा मोकळे झालात तर तुम्ही उणे ३. तुमचा सगळ्यात जलद जॅब, म्हणजे हलका ठोसा, ४ फ्रेमचा. उणे ३ वर तो दाबला तर समोरच्याच्या घड्याळात तो ७ व्या फ्रेमला येतो. त्यानं ६ फ्रेमचं मिडियम बटन दाबलं तरी त्याचंच आधी लागणार, वर काउंटर हिट. तुम्हाला वाटतं मी दाबलं होतं, गेमनं घेतलं नाही. गेमनं घेतलं, उशिरा घेतलं.

म्हणून नियम : तुमची चाल ब्लॉक झाली आणि ती उणे असेल तर पुढची पाळी त्याची. त्याची चाल ब्लॉक केलीत आणि ती उणे असेल तर पाळी तुमची. सगळ्या कॅरेक्टरचे तक्ते पाठ करायची गरज नाही. स्वतःच्या केनची रोज वापरात असलेली पाच-सहा बटनं आणि दोन स्पेशल घ्या. ट्रेनिंगमध्ये डमीला ऑल ब्लॉकवर ठेवा, एकेक चाल मारून मीटरवरचा आकडा लिहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

समोरच्याच्या बाबतीत सुरुवातीला एवढं पुरे की स्वीप, म्हणजे क्राउच हेवी किक, ब्लॉक झाली की बहुतेक कॅरेक्टर चांगलीच उणे असतात. शोर्युकेन ब्लॉक झाला तर तो उतरेपर्यंत तुम्हाला घाई नाही, तुमचा सगळ्यात मोठा कॉम्बो तिथं काढा. हे दोन्ही रीप्लेमध्ये शोधा. सिल्व्हरात लोक स्वीप ब्लॉक करतात आणि त्यानंतर नुसते उभे राहतात, शिक्षा देतच नाहीत.

शिक्षेसाठी लांब कॉम्बो लागत नाही. क्राउच लाइट पंच, परत क्राउच लाइट पंच, त्यातून शोर्युकेन. एवढं दहापैकी दहा वेळा निघालं पाहिजे, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंनी. ट्रायल्समधलं ते लांबलचक प्रकरण राहू द्या बाजूला.

मॉडर्नच_बरं
एवढी डोकेफोड कशाला? मॉडर्न कंट्रोल घ्या. एका बटनात शोर्युकेन. उड्यांचा प्रश्न त्याच दिवशी संपतो.

नांदेडचा_रीप्लेवाला
मॉडर्न काही पाप नाही. एका बटनानं काढलेल्या स्पेशलला २० टक्के मार कमी लागतो आणि काही साधी बटनं मिळत नाहीत, एवढी किंमत मोजायची तयारी असेल तर घ्या. पण यांच्या वहीत ‘द’ ११ आहे. उणे असताना एका बटनात शोर्युकेन मिळाला की हे दर वेळी तोच मारणार आणि ब्लॉक करणारा भेटला की अर्धी लाइफ देणार.

मॉडर्नच_बरं
ते आहे म्हणा.

लोहपंजा_संभाजीनगर
थ्रोचं मी सांगतो. मूळ टेकन या दुसऱ्या मारामारीच्या गेमचा आहे, पण इकडंही खेळतो.

स्ट्रीट फायटर ६ मध्ये थ्रो ५ फ्रेममध्ये येतो. बघून सोडवायला वेळच नाही. तेव्हा कोपऱ्यात ‘बघतो अन् सोडवतो’ हा बेतच चुकीचा. आधीच ठरवावं लागतं. पर्याय असे : थ्रो दाबून सोडवणं, जागेवर सरळ उडी, मागे डॅश, किंवा ओव्हरड्राइव्ह (ड्राइव्ह गेज खर्चून काढलेला) शोर्युकेन. प्रत्येकाला समोरच्याकडं उत्तर आहे. तुम्ही दर वेळी थ्रो दाबताय हे त्याला कळलं की तो जवळ येतो, एक पाऊल मागं सरकतो, तुमचा थ्रो हवेत जातो आणि त्या रिकव्हरीत पूर्ण कॉम्बो. याला शिमी म्हणतात.

म्हणून कधीकधी थ्रो खाऊन घ्या. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण एका थ्रोची किंमत पूर्ण कॉम्बोपेक्षा पुष्कळ कमी आहे. तीनदा थ्रो खाल्ला म्हणून चिडून चौथ्यांदा ओव्हरड्राइव्ह शोर्युकेन मारणं, इथं राउंड जातात. सहा ‘थ’ म्हणजे फार नाहीत. उलट त्या आधी कोपऱ्यात गेलात कसे ते बघा. सारखं मागं चालत ब्लॉक केलं की कोपरा आपोआप येतो.

टेकन ८ खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी : त्यात रीप्ले पाहता पाहता मध्येच कंट्रोल आपल्याकडं घेता येतो. मार खाल्ला त्याच क्षणाला थांबवून दुसरं काय करता आलं असतं ते लगेच करून बघा. आणि ब्लॉकनंतर १० फ्रेमचा जॅब आणि उणे १५ वर लाँचर (हवेत उडवणारा फटका), या दोन शिक्षा पहिल्यांदा बसवा.

उगाच_खवचट
पस्तिशीच्या रिफ्लेक्सचं कुणी बोलंना.

लोहपंजा_संभाजीनगर
हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा २०२३ मध्ये झाल्या, त्यात स्ट्रीट फायटर ५ ला पदक होतं. सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी घेतलं, वय ४४. आणि साधनं-सोयींचं रडगाणं असेल तर लाहोरचा अर्सलान अ‍ॅश २०१९ मध्ये एव्हो (मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा) जपान आणि लास वेगासचं एव्हो, दोन्ही टेकन ७ मध्ये जिंकला. त्याआधी बाहेरच्या लोकांना लाहोरात टेकनचे एवढे तगडे खेळाडू आहेत हे ठाऊकही नव्हतं.

नांदेडचा_रीप्लेवाला
आणि ड्राइव्ह इम्पॅक्ट २६ फ्रेमचा आहे. वरचाच वीसचा हिशोब लावा, पस्तिशीतही पुरतो. दिसला की आपलाही इम्पॅक्ट दाबा, नंतर दाबणारा जिंकतो. त्याचं चिलखत दोन फटके सोसतं, त्यामुळं एखादं बटन मारून थांबवायला जाऊ नका. थ्रो मात्र चिलखताला जुमानत नाही. कोपऱ्याला पाठ असताना नुसता ब्लॉक केला तरी भिंतीवर आदळून कॉम्बो बसतो. आणि आपलं ड्राइव्ह गेज रिकामं होऊन बर्नआउट झालेलं असेल तर तिथं थेट स्टन, म्हणजे काही वेळ हलताच येत नाही. गेजच्या सहा पट्ट्या आहेत. ओव्हरड्राइव्हला दोन, बटनातून काढलेल्या ड्राइव्ह रशला (पुढे झेपावणं) तीन, म्हणजे एका कॉम्बोत पाच गेल्या. ट्रायल्समधले कॉम्बो रँक्डमध्ये जसेच्या तसे मारणारे इथंच बर्नआउट होतात.

वैजू_अंबाजोगाई
आता कीबोर्ड आणि नेट. हात हालत नाही असं वाटतं तेव्हा कधीकधी खरंच कळ पोचलेली नसते.

साध्या मेम्ब्रेन कीबोर्डवर काही तीन-चार कळा एकत्र दाबल्या की शेवटची गळते. तपासायला नोटपॅड उघडा, एस आणि डी धरून ठेवा आणि हल्ल्याच्या कळा एकेक दाबा. ज्या कळेचं अक्षर उमटत नाही ती जागा बदला. इम्पॅक्ट, पॅरी आणि थ्रो या तिन्हींना सेटिंगमध्ये स्वतंत्र एकेक कळ देता येते. ती द्या, दोन कळा एका वेळी दाबायचा प्रश्नच मिटतो.

वायफाय बंद करून लॅन केबल ओढा, घरभर न्यावी लागली तरी. गेममध्ये तुमच्या नावापुढं वायफायचं चिन्ह दिसतं आणि कित्येक जण ते बघूनच मॅच नाकारतात. पिंग जास्त असणं तितकं वाईट नाही, वर-खाली होणं वाईट. रोलबॅक नेटकोड (ऑनलाइन मॅच जुळवून चालवणारी पद्धत) एकसारख्या उशिराशी जुळवून घेतो, उड्या मारणाऱ्या उशिराशी नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर नेमकं तेच होतं.

लोडशेडिंगचा आपल्याकडचा घोळ वेगळाच. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण इन्व्हर्टरवर जाताना राउटर रीस्टार्ट होतो आणि मॅच तुटते. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, काही ९ चे असतात, काही १२ चे. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप पाहिजे, एकालाच दिला तर उपयोग शून्य.

उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की ६० फ्रेम टिकत नाहीत आणि सगळं टायमिंग हुकतं. रिझोल्यूशन आणि सावल्या कमी करा, मागची बाजू उचलून ठेवा. व्ही-सिंक बंद, इनपुट डिले कमी करण्याचा पर्याय चालू. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड लावल्याशिवाय सरावच करू नका.

परभणीकर_केन
ताई, एस-डी धरून के दाबली तर येतच नाही! माझी हेवी किक तीच. नवा कीबोर्ड घेऊ का ते नुसत्या बटनांचं लीव्हरलेस कंट्रोलर?

वैजू_अंबाजोगाई
आधी कळ बदलून महिनाभर खेळा, फुकटात होतंय. मग वाटलं तर घरी बनवता येतं, अवघड नाही.

रास्पबेरी पाय पिको (छोटा सर्किट बोर्ड) एक, २४ मिमीची बटनं १४, उडीसाठी ३० मिमीचं १, आणि २.८ मिमीचे स्पेड कनेक्टर. प्रत्येक बटनाचं एक टोक पिकोच्या एका पिनला, दुसरं ग्राउंडला. ग्राउंडची वायर एकाच माळेत सगळ्यांना फिरवता येते. रेझिस्टर लागत नाही. जीपी२०४०-सीई हे फर्मवेअर (पिकोत भरायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे. पिकोवरचं बूटसेल बटन धरून यूएसबी लावली की पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फाइल टाकायची, झालं. कोणतं बटन कोणत्या पिनवर ते नंतर ब्राउझरमधून बदलता येतं.

लोक कुठं अडकतात : एक, फक्त चार्जिंगची केबल लावतात, मग कॉम्प्युटरला काही दिसतच नाही. दोन, ६ मिमी एमडीएफला क्लिपवाली बटनं धरत नाहीत. त्याला स्क्रूवाली घ्या किंवा वरची पाटी ३ मिमी अ‍ॅक्रिलिकची करा. तीन, पीएस५ च्या गेमला हे सरळ चालत नाही, पीसीला चालतं.

आणि एसओसीडी सेटिंग न्यूट्रलवर ठेवा, म्हणजे डावं-उजवं एकत्र दाबलं तर काहीच नाही, वर-खाली एकत्र दाबलं तरी काहीच नाही. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमच्या स्पर्धांचे नियमही तसेच आहेत. दुसऱ्या सेटिंगवर हात बसला तर पुढं मोडावा लागतो.

परभणीकर_केन
कळ बदलली, केबल ओढली. पाच हरलेल्या मॅचची नवी वही : उ ५, द ९, थ ८, श ४, इ १, ब ३.

नांदेडचा_रीप्लेवाला
उड्या पडायला लागल्या म्हणून समोरचे आता चालत जवळ यायलेत, त्यामुळं थ्रो वाढला. तो राहू द्या. आता ‘द’. डमीला दोन स्लॉट : एकात क्राउच मिडियम पंच मारून थांबणं, दुसऱ्यात तेच मारून परत मिडियम पंच. रँडम लावा. पहिला आला तर तुमचा जॅब, दुसरा आला तर ब्लॉक चालू.

उगाच_खवचट
अन् सिल्व्हर?

परभणीकर_केन
अजून सिल्व्हरच हाव. पण आता कशानं हरलो ते तरी सांगता येतंय.

नांदेडचा_रीप्लेवाला
रविवारी रात्री कस्टम रूम उघडतो, फर्स्ट टू टेन खेळू, आधी दहा जिंकेल तो. रँक्डमध्ये दोन-तीन मॅचमध्ये माणूस बदलतो, सवय पकडता येत नाही. मी मुद्दाम तो मिडियम पंचचा प्रकारच करणार आहे, सांगून ठेवतो. केबल लावूनच या.